घोळाणा म्हणजे भाजी नव्हे

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर्सना जीवनसत्त्वं शिकवायचं काम माझ्याकडे आहे. कॉलेजात त्यांनी ए पासून के पर्यंत सगळं पाठ केलेलं असतं. कशाच्या अभावी काय होतं तेही फाडफाड सांगतात. रातांधळेपणा, बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस. मग मी विचारते, समोरच्या खाटेवरच्या आजीने सकाळपासून काय खाल्लंय? तिथे सगळ्या वह्या चाळू लागतात.

आधी ताट बघायचं, मग पुस्तक उघडायचं, एवढीच माझी पद्धत. लिंबू वरणाबरोबर उकळू देऊ नका, ताटात वाढल्यावर पिळा. ज्याचं तेल-तूप बरेच दिवस पूर्ण बंद आहे, त्याच्या अंगी ए, डी, ई आणि के नीट लागत नाहीत, कारण ती स्निग्धात विरघळतात. नातेवाईक 'ताकदीचं पिवळं सलाईन लावा' म्हणाले तर हसू नका. तो पिवळा रंग त्यात घातलेल्या जीवनसत्त्वांचा असतो, आणि तोंडाने जेवणाऱ्या माणसाला बहुधा ते शिरेतून द्यायची गरज नसते, हे शांतपणे सांगा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू केली तर लघवी पिवळी होईल, हे त्याच क्षणी सांगून ठेवा. नाहीतर पेशंट गोळी बंद करतो आणि पुढच्या वेळी गळ्यात काविळीची माळ घालून येतो.

के जीवनसत्त्व पूर्वी या वर्गात शेवटी यायचं, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेल्यावर. आता मी तेच पहिलं घेते. ते एका बाईमुळे.

ती पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तिशी ओलांडलेली, शेतात राबून हात खरखरीत झालेले. हृदयातली एक झडप खराब झाली म्हणून तिला धातूची झडप बसवलेली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद, आणि ती रक्त तपासत तपासतच धरून ठेवायची.

उन्हाळा, पावसाळा तिचे रिपोर्ट ठीक आले. थंडी सुरू झाली आणि रक्त घट्ट होऊ लागलं. पुढची तपासणी त्याहून वाईट. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं, गुठळी होऊ नये म्हणून पोटात सुया सुरू केल्या आणि केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, "गोळ्या चुकवताय तुम्ही."

"नाय चुकवत," ती म्हणाली.

तिचा नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "खरं सांग. घेती का फेकती?"

"रिकामी पाकिटं दाखवली की तुम्हाला."

"पाकीट रिकामं करायला काय लागतंय? गोळी मोरीत टाकली तरी पाकीट रिकामंच."

"मग बसा की मोरीपाशी राखण करत."

सासूने तोंडाला पदर लावला. ती हसली की रागावली ते मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "डोस वाढवू या, सिस्टर." मी म्हटलं, ती खरंच गोळ्या चुकवत असेल आणि आपण डोस वाढवला, तर ज्या दिवशी ती नीट घ्यायला लागेल त्या दिवशी रक्तस्राव होईल. आणि चुकवत नसेल तर रक्त घट्ट होण्याचं कारण दुसरंच आहे. ते कारण उद्या आपोआप गेलं तरी वाढवलेला डोस तिला महागात पडेल. डॉक्टर माझ्याबरोबर पुष्कळ वर्षं काम करताहेत. ते म्हणाले, "मान्य. सोमवारच्या राउंडपर्यंत शोधा. नाही सापडलं तर वाढवावाच लागेल. झडप तुमच्यासाठी थांबणार नाही."

मी कामाला लागले. गोळी रोज मी स्वतः द्यायची, पाणी पाजायचं, जीभ वर करून दाखवायला लावायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी कुणी द्यायची तेही नेमून दिलं. मग प्रश्न. दुसरं कुठलं औषध? नाही. गावातल्या कुणाचा काढा, झाडपाला? नाही. गुडघ्यासाठी दुकानातली गोळी? नाही. पालेभाजी खाता का? या प्रश्नाला तिच्याआधी सासूनेच उत्तर दिलं. "कागद दिला तवापासून बंद. मेथी नाय, पालक नाय, चुका नाय. आमच्या घरात कुणीच खात नाय आता, हिच्यापायी."

कागद म्हणजे आमचीच सूचनापत्रिका. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हिरव्या पालेभाज्या टाळा.' हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळीच्या उलट काम करतं.

वॉर्डातल्या जेवणाच्या नोंदीही स्वच्छ होत्या. वरण, भात, पोळी, दुधी किंवा बटाटा. पालेभाजी नाही. रोज ताट धुतल्यासारखं रिकामं परत जात होतं.

गोळी आमच्या हातून पोटात जात होती, तरीही रक्त घट्टच राहिलं. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. ती गोळ्या फेकत नव्हती. मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग गोळीच बोगस असंल." खाटेवरून आवाज आला, "गोळी बोगस, मी बोगस. खरं एकटं तुम्हीच."

ही गोळी पूर्ण लागू पडायला काही दिवस लागतात. तरी इतक्या दिवसांत काहीतरी हालचाल दिसायला हवी होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तोंड. काहीतरी तोंडावाटे जातंय आणि ते माझ्या कागदावर येत नाहीये. आम्ही नोंद काय करत होतो? ताट आलं, ताट गेलं. मधलं कुणी पाहिलंच नव्हतं.

रविवारी दुपारी ताटं आली तेव्हा मी माझ्या जेवणाला गेले नाही. स्टूल ओढलं आणि तिच्या खाटेशेजारी बसले.

सासू अस्वस्थ झाली. "सिस्टरबाई, तुमचं जेवण झालं का?"

"व्हायचंय."

"मग जा की. आम्ही जेवतो निवांत."

"जेवा ना. मी बसते."

"आमच्यासमोर उपाशी बसणार व्हय तुम्ही? घशाखाली उतरायचं नाय."

मी हलले नाही. ताटातलं वरण निवत चाललं. शेवटी सूनच म्हणाली, "आत्या, काढा की आता. भूक लागली." सासूने सुस्कारा सोडला, दवाखान्याचं ताट स्वतःच्या पुढ्यात ओढलं आणि खाटेखालच्या पिशवीतून डबा काढून सुनेच्या हातात दिला.

असं चाललं होतं तर. वॉर्डाचं जेवण सासू जेवत होती, सून घरचा डबा खात होती. सासू शहरातच तिच्या भाचीकडे राहत होती आणि डबा तिथूनच आणत होती.

"दवाखान्याचं अळणी हिला जात नाय," सासू म्हणाली, "आणि अन्न टाकून देववत नाय. मग मी खाते. लई वाईट नसतं तसं."

मी डबा उघडायला सांगितला. वरच्या पुडात ज्वारीची भाकरी. खालचा पुडा गच्च हिरवा. हरभऱ्याचे कोवळे शेंडे बारीक चिरलेले, त्यात कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, आणि वरून कच्चं करडईचं तेल. वास इतका छान होता की मी उपाशी असल्याची मला आठवण झाली.

"हे काय आहे?"

"घोळाणा," दोघी एकदम म्हणाल्या.

"तुम्ही तर म्हणालात पालेभाजी बंद आहे."

"बंदच हाय की," सासू म्हणाली.

"मग हा पाला नाही का?"

"पाला हाय. पण भाजी कुठं हाय? भाजी चुलीवर शिजती. हे शिजवलंय का? घोळाणा हाय हा. तोंडी लावायला."

"रोज?"

"दोन्ही वेळेला. भाजी बंद केली तुम्ही, मग पोरीला ताकद कशी यायची? म्हणून घोळाणा वाढवला. हिचा नवरा एक दिवसाआड एसटीने येतो, येताना शेतातून शेंडे खुडून आणतो. ताजे."

नुकत्याच गावाहून येऊन पायथ्याशी उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे मी पाहिलं. तो पिशवी पाठीमागे सरकवत होता. बायकोला गोळ्यांवरून बोलणारा हा माणूस पिशवीभर के जीवनसत्त्व पैठणच्या एसटीत मांडीवर घेऊन येत होता.

मला हसू आलं आणि पाठोपाठ घामही फुटला. हरभऱ्याला एकदा घाटे धरले की शेंडे खुडणं थांबतं. आम्ही सोमवारी डोस वाढवला असता, ती घरी गेली असती, थोड्या दिवसांत घोळाणा आपोआप बंद झाला असता, आणि वाढवलेली गोळी एकटी तिच्या रक्तात राहिली असती.

मी त्यांना समजावून सांगितलं. गोळी रक्त पातळ करते. हिरव्या पानातलं जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं. पान कच्चं असो की शिजलेलं, त्याला फरक पडत नाही. उलट तेल घातलं की ते आणखी चांगलं अंगी लागतं. सासूचा घास हातात तसाच राहिला. "म्हंजी तुम्ही काढायचं आणि मी घालायचं, असं चाललं होतं व्हय?"

"तसंच. पण तुम्ही चांगलंच खायला घालत होतात. कागदावर आम्ही अर्धंच लिहिलं होतं."

"मग आता हेबी बंद?" सुनेने विचारलं. तिचा चेहरा पडला होता. तिला घोळाणा खरंच आवडत होता.

हा प्रश्न मी डॉक्टरांपुढे ठेवला. बंद म्हटलं की ही माणसं बंद करणार, आणि त्या जागी तिसरंच काहीतरी आणणार. ते म्हणाले, "बंद कशाला? रोज सारखं खावं. आज ढीगभर आणि उद्या शून्य, असं नको. मी वर्गात हेच शिकवतो. 'टाळा' असं लिहिलं कुणी?" कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत तो कागद वर्षानुवर्षं चालत आला होता. डोस वाढवायचं त्यांनी थांबवलं.

रोज मूठभर, असं ठरलं. सासूने लगेच विचारलं, "मूठ कुणाची?" आणि आपली मूठ पुढे केली. पेरणीच्या पाभरीवर आयुष्य गेलेली ती मूठ. तिच्यात सुनेच्या दोन मुठी मावल्या असत्या. मग मी मूठ रद्द केली. दवाखान्यातली एक छोटी वाटी दाखवली, सपाट भरून, शीग लावायची नाही. हरभरा संपला की त्याच वाटीने मेथी, मेथी संपली की चुका. कच्चा की शिजलेला ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पाला मोजायचा तो चिरून, शिजवायच्या आधी.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर्सना सांगितलं, तेव्हा शहरातल्या शहागंज भागातली एक नवी सिस्टर म्हणाली, "मॅडम, आमच्यात उलटंय. भाजी बोले तो पत्त्याचीच, पानांची. दुधी-बटाट्याला आम्ही भाजी म्हणतच नाही, ती तरकारी." म्हणजे एकच प्रश्न, आणि प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा. तेव्हापासून आमच्याकडे 'पालेभाजी खाता का' असं विचारत नाहीत. कालपासून तोंडात हिरवं पान काय काय गेलं, असं विचारतात, आणि मग चटणी, घोळाणा, थालीपीठ, वरणावरची कोथिंबीर अशी एकेकाची नावं घेऊन विचारतात. सूचनापत्रिका मी नव्याने लिहिली. डॉक्टरांनी त्यातला एकच शब्द बदलला आणि खाली सही केली.

ती बाई वॉर्डात आणखी काही दिवस राहिली. सुया चालू होत्या, गोळी जुन्याच डोसने. जेवणाच्या वेळी कुणी ना कुणी सिस्टर स्टूलवर बसायची. सासूची त्याला हरकत उरली नव्हती, उलट ती त्यांना भाकरीचा तुकडा देऊ करायची. रक्ताचा आकडा हळूहळू सरकू लागला आणि एका सकाळी हव्या त्या मर्यादेत आला. डॉक्टरांनी सुया बंद केल्या, गोळी तीच ठेवली आणि तिला घरी सोडायचं लिहिलं.

रिपोर्ट मी तिच्या हातात दिला. तिने तो नवऱ्यापुढे धरला. "वाचा."

त्याने वाचला. "बरोबर हाय."

"काय बरोबर हाय?"

"आकडा."

"आणि?"

शेजारच्या खाटेवरच्या दोघी उठून बसल्या होत्या. सासू पिशवीत कपडे भरायची थांबली.

"गोळ्या घेत होती तू," तो म्हणाला.

"मोठ्यानं. मोरीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

त्याने मोठ्याने म्हटलं. मग ती चप्पल शोधायला खाली वाकली.