साडूंचा अर्धा-अर्धा डाव

स्वतःला न समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. तुळजापुरात त्यांचा लॉज आहे. गर्दी नसली की गल्ल्यावर बसून मोबाईलवर काहीतरी शिकायचं आणि शिकून पुरतं व्हायच्या आत शिकवायला सुटायचं, हा त्यांचा शिरस्ता. एकदा त्यांनी मला पोहायला शिकवलं, तेही अंगणात, बाजेवर पालथं झोपवून. स्वतः मात्र विहिरीच्या कठड्यालाही हात लावत नाहीत.

यंदा त्यांच्या डोक्यात पोकरचा एक प्रकार शिरला. त्यात डावावर लागलेलं सगळं एकाला मिळत नाही. निम्मं सगळ्यांत भारी पानांना आणि निम्मं सगळ्यांत हलक्या पानांना. भिकार पानं येऊनही बक्षीस मिळण्याची ही सोय साडूंना भावली, यात मला काही नवल वाटलं नाही. मग जो भेटेल त्याला ते नियम सांगत सुटले. लोहाऱ्याच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला असं घोळात घेतलं की बिचारा घंटी मारायचंच विसरला आणि एक म्हातारी पुढच्या थांब्यावर शिव्या देत उतरली. ढोकीच्या एका लग्नात पंगतीला बसून भात म्हणजे भारी, बुंदी म्हणजे हलकं असं समजावता समजावता यांनी शेजारच्या पाहुण्याची बुंदी संपवली. मी एकदा विचारलं, "हातात चार पानं असताना त्यातली दोनच का धरायची?"

"दोन हातातली, तीन खाली समद्यांसाठी मांडलेल्यातली. नियमच हाय."

"पण का?"

"लई सोपं हाय साडूभाऊ, फकस्त डोकं लागतं."

हा सगळा उपद्व्याप मामांसाठी होता. मामा म्हणजे आमचे सासरे. आम्ही सासुरवाडीला गेलो की मेंढीकोट ठरलेला. त्या खेळात समोरासमोर बसणारे दोघे जोडीदार असतात. एकीकडे मामा आणि सासूबाई, दुसरीकडे त्यांच्या दोन्ही लेकी. सासूबाई गेल्या आणि मामांनी पत्ते सोडले, मग हळूहळू बोलणंही सोडलं. मी एकदा सासूबाईंच्या जागी बसायला गेलो, तर "राहू द्या जावईबापू" म्हणून ते उठून गेले. जेवणही उरकल्यासारखं करायचे. लेकींनी धास्ती घेतली होती. मामांना पुन्हा माणसांत बसवायचा विडा साडूंनी उचलला, आणि तोही या असल्या डावाच्या भरवशावर! हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

दिवाळीच्या दुपारी सतरंजी पसरली, पैशांच्या जागी चिंचोके वाटले. मामा ओसरीवर आमच्याकडे पाठ करून बसलेले. साडूंनी नियम सांगितले, मग त्यातले निम्मे चुकले म्हणून पुन्हा सांगितले. माझ्या बायकोनं पहिलाच प्रश्न टाकला, "हुकूम कंचा?"

"हुकूम नसतो ह्यात."

"मग मारायचं कशानं?"

डाव सुरू झाला. दोघी बहिणी सवयीनं समोरासमोर बसलेल्या. एकीनं भारी पानं सांभाळली, दुसरीनं हलकी. नजरेनं खाणाखुणा झाल्या, दोघींनी निम्मं निम्मं जिंकलं आणि सगळे चिंचोके एकाच पदरात ओतले. साडू तडकले.

"अगं बायांनो, हितं जोडी नसती! ज्याचं त्यानं एकट्यानं खेळायचं! समोर कुणी नसतंय!"

मेहुणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मला त्यांची कीव यावी. मला आली नाही, रागच आला. एवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "समोर कुणी लागतच न्हाय?"

"न्हाय मामा," साडू चाचरत म्हणाले.

"मग मलाबी वाटा."

मामा येऊन बसले. त्यांच्या समोरची जागा आम्ही दोघा जावयांनी आपसूक मोकळी सोडली. मामांच्या हातात दोन गुलाम निघाले, खाली तिसरा होता. भारी पानांचा निम्मा वाटा त्यांचा झाला. हलक्या वाट्यासाठी खाली अठ्ठीपर्यंतची तीन वेगवेगळी पानं तरी लागतात, ती नव्हतीच. साडूंनी सगळा ढीग मामांकडे सारला. "हलकं कुणाचंच न्हाय, मामा. समदं तुमचंच."

मामा त्या ढिगाकडे बघत राहिले. मग त्यातले निम्मे चिंचोके त्यांनी ओंजळीत उचलले आणि समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवले.

"निम्मं तिचं," ते म्हणाले. "हां, वाटा म्होरलं."

माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हा माणूस असा नियम नाही म्हणून सांगणार. साडूंनी तोंड उघडलंही, आणि मिटलं. पत्ते पिसले, सगळ्यांना वाटले आणि त्या मोकळ्या जागेपुढंही चार पानं नीट पालथी मांडली. त्यांची चूक काढायला कुणी पुढं आलं नाही, मीही नाही.