शालूबाईंच्या देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह

विश्रामबागेत माझं लहानसं दुकान आहे. जुन्या ईमेलच्या फाईली आजच्या संगणकावर उघडत नाहीत. त्या मी उघडून, बदलून देतो. दोन ठिकाणी ठेवा, असं प्रत्येकाला बजावतो. कोणी ऐकत नाही, आणि फाईल गेली की रडत माझ्याच दारात येतात. अशा लोकांवर माझं डोकं फिरतं.

तासगावच्या शालूबाईंनी मात्र जपलं होतं. जीवापाड जपलं होतं.

बेदाण्याच्या शेडवर मणी निवडून त्यांनी दोन पोरं शिकवली. ऋषिराज पुण्यात नोकरीला लागला. तो बहिणीला, अंकिताला, ईमेल लिहायचा आणि ती आईला वाचून दाखवायची. बाईंना अक्षरओळख नाही. एकदा वाचून झालं की "परत वाच गं" हे ठरलेलंच. पुढं दोघांचीही ईमेल सेवा बंद व्हायची वेळ आली, तेव्हा ऋषिराजनं सगळ्या मेलची एक फाईल करून पेन ड्राइव्हवर आणून दिली. "आये, जपून ठेव," एवढंच म्हणाला. त्याच वर्षी महामार्गावर अपघातात गेला.

पुढं कित्येक वर्षं ती फाईल उघडायचा कुणाला धीर झाला नाही. यंदा बाईंनीच हट्ट धरला, "मला त्येचं बोलणं ऐकायचं हाय." अंकिता त्यांना घेऊन माझ्याकडे आली.

बाईंनी फडकं सोडलं. पेन ड्राइव्हचं तोंड गंजलेलं, खाचांत वाळलेली हळद.

"हे काय झालं, मावशी?"

"देव्हाऱ्यात हुता. मानूस गेलं की चांदीचा टाक करून देवात बसवत्यात न्हवं? मी टाक केला न्हाई. ह्योच बसवला. दर अवसंला दुदापाण्यानं आंगूळ घालती."

मी अंकितावर ओरडलोच, "तुम्ही तरी शिकलेल्या आहात ना? बघत बसलात?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला न्हाऊ घातल्याशिवाय आई जेवत नाही हो."



मी तो खोलून साफ केला. आतला भाग गंजानं पार खाऊन टाकला होता. पुण्याच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवला, त्यानंही तसाच परत धाडला. बदलून द्यायला फाईल तर हाती लागायला हवी. इतकं हताश मला या धंद्यात कधी वाटलं नव्हतं.

मायलेकी पुन्हा आल्या तेव्हा मेल निघत नाहीत, हे सांगून टाकलं.

"एकबी न्हाई?"

"एकही नाही, मावशी."

शालूबाईंनी हात पुढं केला.

"द्या हिकडं. उद्या अवस हाय."

"मावशी, आता तरी त्यावर पाणी घालू नका."

फडक्याची गाठ मारत त्या म्हणाल्या, "आता आनी काय व्हायचं ऱ्हायलंय त्येचं?"