चांदीच्या दोन पट्ट्या

उस्ताद पँटला हात पुसून मगच कुठल्याही धातूला हात लावायचा. प्रयोगशाळेतला गंजका खिळासुद्धा तो दागिना असल्यासारखा उचलायचा. धाराशिवात त्याच्या वडिलांचं चांदी उजळायचं छोटं दुकान होतं, म्हणून कॉलेजात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी बेंबळीचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आम्ही एका बाकावर बसायचो आणि मी त्याच्यावर जळायचो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाणी शुद्ध करणारा सेल स्वतःच बनवायला घेतला. बरणीतल्या पाण्यात चांदीच्या दोन पट्ट्या सोडायच्या, बारीक विद्युतप्रवाह द्यायचा. चांदी किंचित पाण्यात उतरते आणि जंतू मरतात. मी पुस्तकातली आकृती उतरवून मोठी बॅटरी जोडायला निघालो, तर उस्ताद हसला. "अरं, पाणी साफ करायचंय का त्याला मुलामा द्यायचाय? थोडीच सुटू दे." थोड्या थोड्या वेळानं तो तारांची अदलाबदल करायचा. का, विचारलं तर म्हणाला, "एकीनंच किती झिजायचं?" हे माझ्या पुस्तकातही होतं, पुढच्या पानावर. मी तिथवर पोचलो नव्हतो.

मी काय शिकतो ते घरी एकदा तरी दाखवावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून एका रविवारी त्याला बेंबळीला नेलं. घरी ठेवायच्या सेलच्या पट्ट्यांसाठी आईनं आपली जुनी जोडवी काढून दिली. मी घाईनं म्हणालो, "ही नाही चालणार. भेसळीची आहेत."

"माझ्या आयनं दिलेली हायत रं ती," आई म्हणाली.

उस्तादनं जोडवी हातात घेतली. "मावशी, लई नाजूक काम हाय. दागिन्यात थोडं तांबं घालावंच लागतंय, न्हायतर चार दिवसांत वाकतंय. ही पायातच ठेवा. पट्टीला नुसती चांदी लागती, ती मी आणतो."

बोललो दोघंही एकच. आईनं जोडवी परत घातली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. माझा अभ्यास कधी न विचारणारे माझे वडील, आप्पा, तासभर त्याच्याशी बोलत बसले. तो गेल्यावर म्हणाले, "पोराला समजतंय." मी तिथंच उभा होतो.

तिसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांचा हात थरथरायला लागला आणि उस्तादनं दुकान सांभाळायला कॉलेज सोडलं. त्या वर्षी वर्गात मी पहिला आलो. घरी फोन केला. आप्पा म्हणाले, "लई झ्याक." मग आईनं फोन घेतला. "उस्तादला सांगितलंस का रं?"

"हो," मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं, अजूनही नाही. त्यानं कॉलेज सोडायचं ठरवलं तेव्हा वर्गातली पोरं चार दिवस त्याच्या दुकानात जाऊन बसली होती, "सोडू नको" म्हणून. मीही म्हणालो होतो. पण एकदाच म्हणालो.