दुसरं तिकीट

आमच्या नाटक कंपनीत सगळे त्यांना ‘पुढचे’ म्हणत. आडनाव नव्हतं ते. विंगेत, पडद्याच्या दोरीजवळ, तिपाई टाकून ते बसायचे. मांडीवर नाटकाची वही, हातात पेन्सिलीएवढी बॅटरी. एखाद्या नटाची जीभ अडखळली की त्याचे डोळे आपोआप त्या विंगेकडे वळायचे. पुढचं? आणि पुढचं यायचं. इतक्या हलक्या आवाजात की पहिल्या रांगेलाही कळू नये, आणि इतक्या वेळेवर की आपलं आपल्यालाच आठवलं असं नटाला वाटावं. चाळीस वर्षं मी रंगमंचावर टाळ्या घेतल्या. त्यातल्या निदान चार वर्षांच्या त्यांच्या आहेत. तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही, आता सांगते. आता माझं काय जातंय?

छापखान्यामागच्या दोन खोल्यांत नवराबायको राहायची. मूलबाळ नव्हतं. बायको शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. तिला सुट्टी रविवारची, आणि रविवारी यांचे दोन प्रयोग. तीस वर्षं ते घरी पोचायचे तेव्हा ती ताट झाकून बसलेली असायची.

ती गेली आणि पुढचे चौथ्या दिवशी तालमीला आले. आवाज तोच, वेळ तीच. रडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या मोबाइलचा गजर वाजायचा. तिच्या गोळीची वेळ. ते तो बंद करायचे आणि बोट परत ओळीवर ठेवायचे. पाच महिने असं चाललं होतं. तो गजर आता काढून टाका, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

अशात तीन दिवसांची जोडून सुट्टी आली. एरवी असली सुट्टी म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम, पण त्या खेपेला थिएटरचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. पुढचे सकाळीच माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, घड्याळाच्या मनोऱ्याचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे?"

"जन्म गेला तुमचा या शहरात, आणि मला विचारताय?"

"मी कधी गेलो नाही."

"मग आजच काय अडलंय?"

मग त्यांनी सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचून दाखवावी तसं. त्यांची बायको दर रविवारी माहेरी फोन करायची आणि आज आम्ही दोघं कुठे फिरलो ते आईला आणि भावाला सांगायची. मनोरा, संग्रहालय, तळं. हे असं म्हणाले, ह्यांनी तसं दाखवलं. पुढच्यांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं; मेहुण्याचा फोन आला तेव्हा कळलं. सासूबाई पंच्याऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी मुलाकडे हट्ट धरला होता, की माझी लेक नवऱ्याबरोबर जिथे जिथे हिंडली ते सगळं बघून ये आणि मला सांग. दुपारच्या गाडीने मेहुणा येत होता.

"खरं सांगून टाका त्याला," मी म्हटलं.

"मग म्हातारीकडे काय उरेल?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला हा प्रवेश पाठ नाही," ते म्हणाले. विनोद नव्हता तो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मी काठी उचलली. सत्तरी उलटल्यावर कोण देतंय भूमिका? मिळाली ती घेतली.

मेहुणा पंप दुरुस्त करणारा. आडवा गडी, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. स्टेशनातून बाहेर येताच त्याने पुढच्यांच्या पाठीत थाप मारली. "भावोजी, वारा सुटला तर खिशात दगड ठेवत जा. उडून जाल एखाद दिवशी." मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई सांगायची तुमच्याबद्दल. मरायचा प्रवेश तुमच्यासारखा कुणी करत नाही म्हणे."

"रोज मरायचे आणि रोज जेवायला घरी," मी म्हटलं. तो खदखदून हसला, आणि मग रुमालाने डोळे पुसले.

त्याच दिवशी दोघं मनोऱ्यावर चढले. मी खाली बाकावर बसले. उतरले तेव्हा मेहुण्याला धाप लागली होती. "एकशे अडतीस. ताई म्हणायची तश्शाच. एक कमी नाही, एक जास्त नाही. भावोजी, तुम्ही मोठ्यानं मोजायचात ना? आज का नाही मोजल्या?"

"दम लागतो," पुढचे म्हणाले.

तो पाणी आणायला गेला तेव्हा ते माझ्याशेजारी टेकले. "बाई, आकडा बरोबर आहे."

"मग?"

"म्हणजे ती खरंच चढली होती."

"कुणाबरोबर?"

त्यांनी वर घड्याळाकडे पाहिलं, उत्तर तिथे लिहिलेलं असावं तसं. "कोण असणार," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. पुढचे तिकीट खिडकीच्या नेमक्या उलट दिशेला चालू लागले. "भावोजी, खिडकी इकडं आहे की," मेहुणा म्हणाला. "दार बदललं हो मेल्यांनी," मी ठोकून दिलं. खोटं बोलण्यात मी मुरलेली आहे, पण त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आत एक पेंढा भरलेलं अस्वल होतं, एका डोळ्याचं. मेहुणा म्हणाला, "हेच ते. ताई सांगायची, भावोजी म्हणतात हे अस्वल आमच्या मॅनेजरसारखं दिसतं." मी अस्वलाकडे नीट पाहिलं. तोच जबडा, तोच पगाराच्या दिवशी दुसरीकडे बघण्याचा डोळा. पुढच्यांनी ते पूर्वी पाहिलं असतं तर ते हेच म्हणाले असते. हे वाक्य तिने त्यांच्यासाठी लिहून ठेवलं होतं, आणि त्यांच्या तोंडात अगदी बसत होतं.

तेवढ्यात पाचचा गजर वाजला.

"हे काय?" मेहुण्याने विचारलं.

"गोळीची वेळ."

"काय होतंय तुम्हाला?"

"मला काही नाही." त्यांनी गजर बंद केला. मेहुणा भराभर दुसऱ्या दालनात निघून गेला.

तिसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, आम्ही तळ्यावर गेलो. तिथे पायांनी चालवायच्या दोन सीटच्या होड्या होत्या, पिवळ्या, रंग उडालेल्या. खिडकीवर पाटी होती: एकट्या व्यक्तीस होडी मिळणार नाही. मेहुण्याने मोबाइलमधला बहिणीचा फोटो होडीवाल्यासमोर धरला. "ओळखलं का? माझी ताई. भावोजींबरोबर यायची, रविवारी."

होडीवाल्याने चष्मा पुसून घातला. "या बाई होय. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

"गेली ती. पाच महिने झाले."

"अरेरे." चांगलं बोलावं, एवढंच त्याच्या मनात होतं. "फार नियमाच्या होत्या. दोन तिकिटं काढायच्या. पहिल्यांदा मी म्हटलं, दुसरं माणूस कुठंय? म्हणाल्या, येतीलच, कामात आहेत. अर्धा तास थांबल्या. मग मलाच कसंतरी झालं. एकटं माणूस बसलं की होडी कलते, म्हणून शेजारच्या सीटवर वाळूची गोणी ठेवून दिली. पुढे दर खेपेला तसंच. ती बघा, अजून आहे तिथं."

गोणी धक्क्यावर होती, तोंड सुतळीने शिवलेलं. नाटकात आमच्या भिंती अशाच गोण्यांवर उभ्या असतात. मागून टेकू दिलेल्या. समोरच्याला वाटतं, भिंत आपली आपण उभी आहे. भर प्रयोगात एकदा अशी भिंत कोसळली होती, तेव्हाही मी एक वाक्य टाकून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी मला वाक्य सुचलं नाही.

"भावोजी," मेहुणा म्हणाला.

"हं."

"एकदा तरी?"

"नाही."

"तीस वर्षांत?"

"रविवारी प्रयोग असायचा." मग म्हणाले, "इतर दिवशी तालीम." ते स्वतःची बाजू मांडत नव्हते. विचारलं म्हणून सांगत होते.

मेहुणा धक्क्याच्या पायरीवर बसला. त्याची मान खाली होती. बराच वेळ तो चपलेच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे सरकवत राहिला. "आईला मी काय सांगू आता? ती दाराकडे डोळे लावून पडली असेल."

पुढचे त्याच्याजवळ वाकले. आणि मला तो आवाज ऐकू आला, विंगेतला. "पायऱ्या एकशे अडतीस. अस्वलाला एक डोळा. होड्या पिवळ्या. ती म्हणाली ते सगळं आहे, तसंच सांग. मी नव्हतो, तेही सांग."

"ते नाही झेपायचं तिला."

पुढच्यांकडे पुढचं नव्हतं.

मेहुणा उठला, खिडकीवर गेला आणि दोन तिकिटं घेऊन आला. "बसा."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतंय? बसा. भावोजींनी मला तळ्यात फिरवलं, एवढं तरी आईच्या डोळ्यात बघून सांगता येईल. दर सुट्टीला बोलवा, दर खेपेला सांगेन."

मेहुणा एका बाजूला बसला आणि होडी त्याच्याकडे झुकली. पुढचे दुसऱ्या बाजूला बसले, तरी ती झुकलेलीच राहिली. होडीवाल्याने मान हलवली. "तुम्ही फारच हलके हो," म्हणाला, आणि गोणी उचलून पुढच्यांना खेटून ठेवली. होडी सरळ झाली.

मी काठावर बसून पाहत होते. दोघांचे पाय जुळत नव्हते, होडी एकाच जागी गोल फिरत होती. मेहुणा काहीतरी ओरडून शिकवत होता. पुढच्यांनी एका हाताने होडीची कड धरली होती आणि दुसरा हात गोणीवर ठेवला होता.

पाच वाजले. पाण्यावरून गजर ऐकू आला. त्यांनी हात उचलला नाही. तो वाजत राहिला, आणि बऱ्याच वेळाने आपणहून थांबला.