शालन आत्याची नावाडीण

"आता चष्मा आणू नको," पप्पा फोनवर म्हणाले. एवढंच. सोलापूरच्या दवाखान्यातून मी सकाळच्या एसटीनं अणदूरला आले होते ती आत्याचा चष्मा न्यायला. आदल्या दिवशी तिनं तो मागितला होता. "नुसतं पडून ऱ्हायचंय तर भिंती तरी नीट दिसू देत," असं म्हणाली होती. चष्मा तिच्या खोलीत पिकोच्या मशीनवर होता, एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. तो पर्समध्ये टाकून मी दाराला कुलूप लावत होते आणि फोन वाजला. मी परत आत गेले, चष्मा होता तिथं ठेवला, आणि मग बराच वेळ मला कळेना की आता सोलापूरची गाडी धरायची की इथंच थांबायचं... त्याला पाच आठवडे झाले.

शालन आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली. का, ते घरात कुणी बोललं नाही, मीही कधी विचारलं नाही. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. मी नळदुर्गच्या इंग्रजी शाळेत जायचे. आई शिक्षिका, ती संध्याकाळी यायची. तोवर आत्याच्या खोलीत बसायचं असा नियम होता. शाळेत मराठीत बोललं की बाई ओरडायच्या आणि घरी तोंडातून इंग्रजी वाक्य निघालं की चुलतभाऊ हसायचे. दोन्हीकडं गप्प राहणं सोयीचं होतं. आत्याला माझ्या गप्प बसण्याचा त्रास नव्हता. ती मान खाली घालून टाके घालायची, मी वाचायचे. नववीच्या वर्षी एकदा मी पुस्तकात बघून हसले असेन, तर ती म्हणाली, "एकटीच काय हसतीस गं? एवढं जाड पुस्तक, त्यातलं थोडं मला बी दे की."

त्या कादंबरीचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ती वाचली आहे ते लगेच वाद घालायला येतील, आणि वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही. एवढंच सांगते की त्यात एक मोठं तळं आहे. तळ्यात पाणी नाही, नुसतं धुकं भरलेलं, आणि त्या धुक्यावरून नाव चालते. ती चालवणारी एक म्हातारी नावाडीण आणि नावेच्या टोकाला कायम बसलेली तिची एका डोळ्याची शेळी. बाकी राजपुत्र, तलवार, शाप असं सगळं आहे, पण आत्याला त्यात रस नव्हता. "राजाचं पोरगं काय, फिरतंय मोकळं. हिला मात्र रोज तीच फेरी," ती म्हणायची. नावाडिणीचं इंग्रजी नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून ती आमची नुसती नावाडीण झाली.

सांगण्याची एक रीत पडून गेली. साडीला फॉल हातानं लावायचा असतो, त्याला आवाज नसतो. पिको मात्र मशीनवर, आणि आत्याची मशीन अशी खडखडायची की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून फॉल सुरू झाला की गोष्ट सुरू, पिको सुरू झाला की गोष्ट बंद. एका साडीत साधारण एक प्रकरण व्हायचं. मी पान वाचायचे आणि मनात मराठी करून सांगायचे. सुरुवातीला अडखळायचे, पण आत्या वर बघायची नाही. तिच्या न बघण्यामुळंच मला बोलता आलं असावं. हळूहळू साड्या घेऊन येणाऱ्या बायकाही टेकू लागल्या. मागच्या गल्लीतल्या शकुंतला काकू तर साडी नसतानाही यायच्या. "कालपासनं मी धुक्यातच हाय गं, आज तरी काठाला लाव," दारातूनच म्हणायच्या. आत्या सुई न थांबवता उत्तर द्यायची, "तुला कशाला काठ? तुला बघून शेळी खाली उडी मारंल."

शेवटून दुसऱ्या प्रकरणात नावाडीण मरते. शत्रूचं सैन्य तळं ओलांडू नये म्हणून ती त्यांना नावेत घेते आणि मधोमध नेऊन नाव बुडवते. शेळीला तिनं आधीच काठावर उतरवलेलं असतं. मी ते होतं तसं सांगितलं. आत्याचा हात थांबला.

"आन शेळी?"

"ती काठावरच आहे. ओरडते."

"मग तिला कुणी नेलं?"

"ते पुस्तकात नाही."

"एवढं जाड पुस्तक लिवलं आन शेळीचं इसरला व्हय तो?" असं म्हणून आत्यानं मशीनचं बटण दाबलं. सुईखाली कापड नव्हतं. मशीन नुसतीच खडखडत राहिली. न बोलायचं असलं की ती असं करायची, हे मला तेव्हा कळलं. शेवटचं प्रकरण तिनं ऐकलंच नाही.

पुढं कॉलेजसाठी मी पुण्याला गेले. तिथं मला इंटरनेटवर या कादंबरीच्या चाहत्यांचा एक गट सापडला. देशोदेशीची माणसं होती. समोरासमोर दोन वाक्यं न बोलणारी मी तिथं पानंच्या पानं लिहायचे. कादंबरीवर अॅनिमेशनपट येणार असं जाहीर झालं तेव्हा गटात दिवाळी होती. प्रत्यक्षात तो आला तेव्हा शिमगा. धुकं निळं का केलं, राजपुत्र एवढा गुळगुळीत का, काळी शेळी पांढरी कशी झाली आणि ती विनोद का करते... आणि सगळ्यात मोठा राग यावर, की चित्रपटात नावाडीण मरत नाही. वाचते. लोक इतके चिडले की हा चित्रपट कुणी बघायचाच नाही असं गटानं ठरवलं. मी एक लांबलचक लेख लिहिला. तिचा मृत्यू हाच तिचा सन्मान आहे, तो काढून घेणं म्हणजे तिलाच काढून घेणं, असं काहीतरी. तो लेख खूप फिरला. एवढी शाबासकी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. चित्रपट मी पाहिलेला नव्हता.

तेव्हा मी अणदूरला राहून घरूनच नोकरी करत होते. एका दुपारी टीव्हीवर त्याची जाहिरात लागली आणि आत्या शिवण मांडीवर तसंच ठेवून ओरडली, "अगं, ही आपली शेळी!" रंग बदललेला असूनही एका डोळ्यावरून तिनं ओळखली. त्याच दिवशी तिनं ठरवलं की रविवारी सोलापूरला जायचं, शकुंतला काकूंनाही न्यायचं. नारिंगी रंगाची एक साडी काढून तिला इस्त्री केली. आत्या थिएटरात शेवटची कधी गेली होती कोण जाणे.

मला तिला न्यायचं नव्हतं. गटाचं ठरलं होतं हे एक कारण झालं. दुसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोलापुरात तो फक्त इंग्रजीत लागला होता. मला डोळ्यांसमोर दिसलं, थंडगार थिएटर, पॉपकॉर्न घेऊन बसलेली माझ्या वयाची मुलं, आणि मध्येच आत्याचा मोठा आवाज, "आता काय म्हणला गं त्यो?" मग काकूंचा. मग मी मराठीत सांगणार आणि पुढच्या रांगेतले वळून बघणार. ज्या खोलीत मी बोलायला शिकले त्या खोलीची मला लाज वाटली.

"चांगला नाही काढला, आत्या," मी म्हणाले. "लोक शिव्या देतायत."

"कशापायी?"

मी शेळीचा रंग सांगितला, धुक्याचा सांगितला. ती हसायला लागली. आमच्या गावचे खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातात, त्या दिवसांत ते तिकडंच होते. आत्या म्हणाली, "देव तिकडं गेला म्हणून आपण शिव्या देतो व्हय? दोन गावं, दोन देवळं. देव त्योच ऱ्हातो न्हवं? तुमची माणसं लई रिकामी दिसत्यात." मग ती म्हणाली, "तेवढं एक सांग. शेवट तसाच ठेवलाय का? बुडती का ती?"

नाही म्हटलं असतं तर ती त्याच रविवारी, हवं तर एकटी, स्टँडवर जाऊन उभी राहिली असती. मी म्हणाले, "तसाच आहे. बुडते."

"मग नको," आत्या म्हणाली. "एकदा ऐकलं तेवढं बास झालं." तिनं इस्त्री केलेली साडी घडी न मोडता परत कपाटात ठेवली. आठवड्याभरात चित्रपट उतरलाही.

हे दुरुस्त करायला मला बरेच महिने मिळाले होते. मी केलं नाही. मग आत्याला दम लागू लागला, पायांवर सूज आली, डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. दवाखान्यात मी तिच्याजवळ दिवसाची थांबायचे. एका दुपारी ती म्हणाली, "ती गोष्ट सांग की गं. शेवटची न्हाय. तळ्यावरची, त्या दोघी असत्यात ती." मी सांगितली. नाव निघाली, धुकं आलं, शेळी टोकाला जाऊन बसली. तेव्हा सांगता आलं असतं, की आत्या, चित्रपटात ती वाचते. पण तसं म्हटलं की मी आधी खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं, आणि मग का बोलले तेही... मी नाव तळ्याच्या मध्यावर ठेवून थांबले. आत्याला वाटलं मी दमले. "बास बास, पाणी पी," म्हणाली.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी माझा तो लेख उघडला. मृत्यू हाच तिचा सन्मान. ज्या मुलीनं ते लिहिलं तिला मरणाबद्दल काय माहीत होतं? ऑक्सिजनच्या नळीनं कानामागं पडलेला वळ तिनं पाहिला नव्हता. मी लेख पुसून टाकला. गटात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ते आता दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटावर चिडलेले आहेत.

तेराव्यानंतर मी तो चित्रपट फोनवर पाहिला. खरं सांगायचं तर तो चांगला नाहीच. शेळी फार बडबड करते. पण शेवटी नाव बुडते, वरून धुकं मिटतं, आणि काठावर बांधलेली शेळी दावं तोडून धुक्यात उडी घेते. बराच वेळ पडद्यावर काही दिसत नाही. मग ती म्हातारीच्या पदराला दातांत धरून तिला ओढत काठावर आणते. शेळीचं पुढं काय, हे जे आत्यानं मला विचारलं होतं ते कुणीतरी, हजारो मैलांवर बसून, चितारून ठेवलं होतं. मला रडू आलं नाही. खूप चालून आल्यासारखं वाटलं फक्त.

गेल्या आठवड्यात शकुंतला काकू त्यांची साडी न्यायला आल्या. दवाखान्यात जायच्या आधी आत्यानं तिला अर्धा फॉल लावला होता, सुई तशीच टोचलेली. "ऱ्हाऊ दे गं, दुसरीकडं करून घीन," काकू म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मी म्हणाले, बसा, मी लावते. आत्याचे टाके इतके बारीक की सुलट बाजूनं दिसतच नाहीत. माझे लांब, वाकडे. मग सवयीनंच असेल, मी सांगू लागले. नाव निघाली, मधोमध आली, बुडाली. काकूंनी मान खाली घातली. "ठावं हाय ते," म्हणाल्या. मी म्हणाले, "काकू, चित्रपटात पुढं आहे." आणि दावं तोडलं ते सांगितलं, पदर धरला ते सांगितलं.

"जिती ऱ्हायली?"

"हो."

"आन शेळी?"

"शेळी पण."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या, डोळे पाण्यानं भरलेले. "बघ, माझ्यापाशी म्हणतच हुती ती, शेळी सोडायची न्हाय म्हणून." मग काहीतरी आठवून त्या थांबल्या. "पर त्या रविवारी तर ती म्हणली, बुडती म्हणून जायचं न्हाय... तुला ठावं नव्हतं व्हय?"

"होतं," मी म्हणाले.

"मग का न्हाय गं सांगितलंस तिला?"

फॉल संपला होता. पदराला पिको राहिला होता. मी साडी मशीनपाशी नेली, आत्याचा चष्मा थोडा बाजूला सरकवला आणि बटण दाबलं. मशीन खडखडू लागली. खाली मान घालून, त्या आवाजात, मी सगळं सांगितलं. थिएटरचं, पुढच्या रांगेचं, मला वाटलेल्या लाजेचं. काकूंना किती ऐकू गेलं मला माहीत नाही. पदर संपेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या.