झाडाचं झालं, आता तुझं

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलावर तीन फांद्या होत्या. तरवड, टाकळा, कासविंदा. तिन्हींना पिवळी फुलं. पानं, पाकळ्या, शेंगा ताडून बघायच्या आणि कोण कुणाच्या जवळचं ते सांगायचं. मी सांगितलं. तरवडाची शेंग चपटी, टाकळ्याची बारीक, लांब. पण कूळ एकच.

सर म्हणाले, "झाडाचं झालं. आता तुझं कूळ सांग."

नगरच्या कॉलेजातलं माझं दुसरं वर्ष. आमचं आडनाव जामखेडकडच्या पाटलांतही सापडतं आणि गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतही. त्यामुळे आडनावावरून जात कळत नाही, लोकांची पंचाईत होते. सरांचीही झाली असावी. मी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांनी टाकळ्याची फांदी माझ्या तोंडाजवळ धरली.

"राहू दे. लक्षणं दिसतातच की. रंग बघा, नाक बघा."

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही हसली. मार्क सरांच्या हातात होते. मी खाली बसले.

ते हसणं माझ्याबरोबर होस्टेलवर आलं. आरशापुढे उभी राहिले की मी नाक, ओठ, रंग सुटेसुटे बघायचे. जेवतानाही कुणीतरी मला न्याहाळतंय असं वाटायचं. सुटीत घरी गेले. आई भाकरी थापत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचं कपाळ. तिचं नाक.

"अशी काय बगती गं? तोंडाला पीठ लागलंय का माज्या?"

मी सरांच्या डोळ्यांनी माझ्या आईला बघत होते. ते कळलं. उठून बाहेर गेले, खूप रडले.

पुढच्या प्रॅक्टिकलला धोतऱ्याच्या जाती होत्या. सरांनी हसतच विचारलं, "काय, कूळ आठवलं का?" वर्ग हसायला तयारच होता.

मी म्हणाले, "सर, मी टेबलावरचा नमुना नाही. झाडाचं विचारा."

कुणी हसलं नाही. सरांनी मला बाहेर काढलं. त्या विषयात मी नापास झाले.

वडील घाबरले. म्हणाले, "माफी माग. वरीस वाया जाईल, पोरी."

त्यांचं भय मला कळतं. ती नजर अजून माझ्या अंगावरून गेलेली नाही, कधी जाईल तेही ठाऊक नाही. परीक्षेला परत बसते आहे. घेणारे तेच सर. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच उत्तर देईन. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. माफी मागणार नाही.