मामांनी न घेतलेलं सॉफ्टवेअर

या जगातून कायमची जाणारी कुठलीही वस्तू जाण्याआधी एकदा आमच्या मामेसासऱ्यांकडे मुक्काम करून जाते, असं माझं ठाम मत आहे. एखादा साबण बंद व्हायचा असला की दुकानदाराच्या आधी मामांना कुणकुण लागते आणि इंदूरला बडा गणपतीच्या देवळामागे असलेल्या त्यांच्या घराच्या पोटमाळ्यावर खोकी चढू लागतात. ज्या स्कूटरचे सुटे भाग मिळेनासे झाले, ती त्यांनी नेमकी त्याच वर्षी घेतली. गल्लीतला म्हातारा शिंपी दुकान बंद करायला निघाला, तेव्हा मामांनी त्याच्याकडून एका दमात चार सफारी सूट शिवून घेतले. आता रिटायर झाल्यावर ते सूट पाळीपाळीने घालून ते भाजी आणायला जातात. भाजीवाला त्यांना अजून कुठल्यातरी खात्याचा साहेब समजतो आणि मेथीची जुडी जपून देतो. "अरे भिया, जे चालू आहे ते तर कोणीही घेतो," मामा म्हणतात, "जाणाऱ्याला कोणी विचारायला नको का?"

मी मूळचा साताऱ्याचा. सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायला म्हणून आलो आणि इथल्याच मेघाशी लग्न करून इंदूरचा झालो. मेघाच्या आजोळचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते आणि मामा वीज खात्यात. मेघाची आई ती अगदी लहान असताना गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मामा-मामींनीच तिला वाढवलं. तेव्हा नात्याने मामेसासरे असले तरी माझे खरे सासरे तेच. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी घामाघूम होऊन खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आरामात बसा जावईजी, फालतूमध्ये टेन्शन नका घेऊ. मुलगी आमची आहे, टेन्शन आम्हाला पाहिजे." त्या एका वाक्यावर मी आजवर संसार करत आलो आहे.

मामांना दुसरा नाद फोटो दुरुस्त करण्याचा. रिटायर झाल्यावर त्यांनी कम्प्युटर घेतला, त्यात फोटो एडिट करायचं एक सॉफ्टवेअर घातलं आणि त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांच्या भूतकाळाला स्वास्थ्य राहिलं नाही. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असले की मामा ते उघडणार. त्याच माणसाचे उघडे डोळे सापडले नाहीत तर घरातल्याच दुसऱ्या कुणाचे बसवणार. आमच्या एका मेहुण्याच्या मुंजीच्या फोटोत बटूला त्याच्या आत्याचे डोळे आहेत, आणि तो आठ वर्षांचा मुलगा सगळ्या पाहुण्यांकडे सून बघायला आल्यासारखा बघतो आहे. कहर झाला तो मामांच्या पुतणीच्या लग्नात. सगळे हसतमुख, आणि एका कोपऱ्यात एक गृहस्थ गराडूची, म्हणजे इथल्या तळलेल्या कंदाची, प्लेट घेऊन तोंड वाकडं करून उभे. मामांना वाटलं, कोणी आगंतुक असेल. त्यांनी त्या माणसाला प्लेटसकट पुसून टाकलं आणि त्या जागी शोभेची कुंडी बसवली. फोटो फ्रेम होऊन नवऱ्या मुलाच्या घरी गेला तेव्हा कळलं की ते त्याचे थोरले काका होते. "आमच्या भाईसाहेबांचं झाड केलं तुम्ही!" असा फोन आला. मग मामांनी काकांना परत आणलं, पण मूळची मुद्रा शोभत नव्हती म्हणून येताना त्यांना एक हसू दिलं. ते काका म्हणे उभ्या आयुष्यात तसे कधी हसले नव्हते. पण त्यांना स्वतःला तो फोटो इतका आवडला की त्यांनी एक प्रत मागून घेतली.

तर गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मामांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला.

"जावईजी, ते गेलं."

मी दचकून विचारलं, "कोण?"

"गेलं नाही, जाणार आहे. सॉफ्टवेअर. कंपनी बंद करून राहिली आहे."

संध्याकाळी जाऊन पाहिलं. पडद्यावर कंपनीची सूचना होती. मामा दरवर्षी पैसे भरून ते वापरत होते, ती सोय महिन्याअखेरीस संपणार होती. ज्यांना हवं असेल त्यांनी कायमची प्रत आताच विकत घ्यावी, किंमत निम्मी केली आहे. पण यापुढे त्यात काही बिघडलं तर कंपनी बघणार नाही, आणि नव्या कम्प्युटरवर ते चालेल याची हमी नाही. मामांचा कम्प्युटर तर सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. मामी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "जे मरायला टेकलं आहे ते घरात कशाला आणायचं?"

मला वाटलं, मामा नेहमीचं उत्तर देतील आणि मोकळे होतील. बंद पडणारी वस्तू, तीही निम्म्या किमतीत! पण मामा नुसते ती सूचना उघडत आणि बंद करत. आठवडाभर हेच. नंतर ते सल्ला विचारत सुटले. पोहे खाताना शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं. डॉक्टर ब्लडप्रेशर बघत होते तर त्यांना विचारलं, आणि पारा चढल्याचं खापर सॉफ्टवेअरवर फोडलं. मला तर रोज विचारायचे. "तुम्ही तर इंजिनियर आहात न?" मी किती वेळा सांगितलं, की मामा, मी काँक्रीट शिकवतो. "तर मग काय झालं," ते म्हणायचे, "पक्कं काय असतं ते तुम्हालाच माहीत."

शेवटी एका रविवारी दुपारी मेघा स्वयंपाकघरात मामींना मदत करत होती आणि आम्ही दोघंच कम्प्युटरसमोर होतो, तेव्हा मी विचारलं, "मामा, तुम्ही एवढे अडखळताय का? घेऊन टाका की."

मामांनी एक फाइल उघडली. पाताळपाणीच्या धबधब्याजवळ खडकांवर बसलेली चार-पाच माणसं, आणि कडेला एक तरुण बाई, मान वळवून हसणारी. मेघाची आई. हा फोटो मी ओळखत होतो. आमच्या घरी भिंतीवर लावलेला आहे तोच. पण भिंतीवरची मामांनी बऱ्याच आधी थोडीफार साफ करून दिलेली प्रत होती, आणि पडद्यावरची बाई त्याहून कितीतरी रेखीव होती.

"हसतानाचा ताईचा हा एकच फोटो," मामा म्हणाले. "चेहरा हलला होता, धूसर आला होता. मी म्हटलं, साफ करू. मग करतच राहिलो. नाक नीट केलं, डोळे मेघाच्या फोटोतून घेतले, दात सरळ केले." ते थांबले. "जावईजी, आता ती ताई वाटत नाही. कोणी दुसरीच वाटते. हे सॉफ्टवेअर घेतलं तर मी मरेपर्यंत तिला नीटच करत बसेन. नाही घेतलं तर ही फाइल दुसऱ्या कशातच उघडत नाही. आणि कागदावरचा फोटो तर कपाटात ओल लागून केव्हाच गेला."

"पण मूळ स्कॅन असेल ना?"

"त्याच्यावरच तर काम केलं. खाली काही उरलं की नाही, बघायची हिंमत होत नाही." मग अगदी हळू म्हणाले, "मेघाला बोलू नका. तिची आई मी पुसून टाकली असं वाटेल तिला."

मेघा दारातच उभी होती. हात पिठाचे होते. ती आत आली, स्टूल ओढून मामांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मामा, बघूया तर खरं. असेल ते असेल."

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्ती काचेच्या तावासारखी आधीच्या दुरुस्तीवर ठेवलेली असते. तिच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो, तो मिटला की तेवढी दुरुस्ती नाहीशी होते. मामांनी नावंही दिली होती. 'नाक फायनल', 'नाक पक्कं फायनल', 'हिने सांगितलं तसं'. मामा एकेक डोळा मिटू लागले. दात गेले, मेघाचे डोळे गेले. मध्येच कम्प्युटर गिरणीसारखा घरघरला आणि पडदा गोठला. मामींनी पुटपुटत टेबलफॅन उचलून त्याच्या पाठीशी लावला आणि त्याला म्हणाल्या, "थोडं अजून, बाबा." मेघाने आपला पिठाचा हात माउसवरच्या मामांच्या हातावर ठेवला. पडदा हलला. शेवटचा डोळा मिटला.

आणि सगळ्यात खाली, कोणी हात न लावलेला, तो फोटो होता. पिवळट, कोपऱ्यात चुरगळलेला, पूर्ण. ताईंचा चेहरा धूसर होता, पण तो बघताच मामांच्या तोंडून "ही! हीच!" असं निघालं आणि ते खुर्चीत मागे टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मामी "अहो, आहे न ती, आहे न," म्हणत त्यांची पाठ चोळत राहिल्या. माझ्या छातीवरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं.

मेघा मात्र पडद्याकडे वाकून बघत होती. "मामा, हा कोण?"

आमच्या भिंतीवरच्या फोटोत ताईंच्या समोर नुसता खडक आहे. इथे त्या खडकावर एक काटकुळा तरुण होता, दोन्ही हात वर, एक चप्पल हवेत, आणि नक्की पडण्याच्या बेतात.

मामांनी डोळे पुसले. "मी. दोस्ताचा कॅमेरा मागून आणला होता. टायमर लावून पळत आलो आणि घसरलो. ताई मलाच बघून हसली, म्हणून हलली. मी म्हटलं, ती एवढी सुंदर हसते आहे आणि बाजूला हा माकड कशाला? सगळ्यात आधी मी स्वतःलाच उडवलं."

"आणि मला इतकी वर्षं वाटायचं, आई त्या दगडाला का हसते आहे," मेघा म्हणाली, आणि हसता हसता तिचेही डोळे भरून आले.

फोटो जसा होता तसाच साध्या पद्धतीने सेव्ह केला, चौघांच्याही फोनमध्ये घेतला. मग पडद्यावर पुन्हा ती सूचना आली, घ्यायचं की नाही. मामांनी क्षणभर पाहिलं आणि 'नाही' दाबलं. मामींनी लगेच शिरा करायला घेतला, आणि घरातलं वातावरण परीक्षा संपलेल्या दिवसासारखं झालं.

महिन्याअखेरीस सॉफ्टवेअर बंद पडलं. तक्रार अशी मामांनी केली नाही. फक्त एकदा गच्चीवर ऊन खात बसलो असताना म्हणाले, "टेन्शन गेलं, हे चांगलंच झालं. पण जावईजी, सकाळी उठून ताईचं काही काम असायचं. आता तिचं काही करायचं उरलं नाही." मेघा जवळच मटार सोलत होती. ती म्हणाली, "मामा, आई हसायची तेव्हा आवाज कसा यायचा? मला काहीच आठवत नाही."

मामांना हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी जरा विचार केला, घसा साफ केला आणि त्या सफारी सुटातल्या सत्तरीच्या माणसाने एका तरुण बाईसारखं हसून दाखवलं. आवाज वर चढता चढता फुटला. आम्ही सगळे हसलो, शेजारच्या गच्चीवरच्या बाई वळून बघू लागल्या. मामा मात्र कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखे थांबले होते.

"नाही," ते म्हणाले, "असा नव्हता. याच्याहून थोडा वर होता. थांब, परत करतो."